कलादालनाची किल्ली कुणाकडे?



वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आपणा सर्वांना पोहोचली असेलच. ऊसदर, तोडणी-वाहतूक, यंत्रसामग्रीची दुरुस्ती एवढे वाचून बहुतेकांनी अहवाल बाजूला ठेवला असेल. पण विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा असा एक विषय आहे, त्याकडे आपले लक्ष वेधावे म्हणून हा लेखनप्रपंच. ‘सांस्कृतिक भवनाच्या वरच्या मजल्यावरील कलादालनाच्या जागेत वधूपक्ष व वरपक्ष यांच्याकरिता खोल्या बांधणेबाबत विचार करणे’ असा तो विषय आहे. सभेत या विषयाची पाळी येईस्तोवर मंडप निम्मा रिकामा झालेला असतो. जेवणाचा वास सुटलेला असतो. पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर झाला की विषय संपला! म्हणून सभेच्या आधीच चार शब्द लिहीत आहोत. हे मत संचालक मंडळाचे नव्हे, या वार्तापत्राच्या संपादक मंडळाचे आहे, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो.

आमचे मत असे की, कलादालन मोडू नये. पण आज आहे तसे ठेवूही नये.

आजची त्याची दशा कोणी नाकारू शकणार नाही. भवन बांधले तेव्हा वर एक लांबट खोली निघाली. इथे कलादालन करू, असे कोणीतरी सुचविले, टाळ्या पडल्या आणि संगमरवरी पाटी लागली. उद्घाटनासाठी बाहेरून चित्रे आणली होती. आठ दिवसांनी ती परत गेली. पुढे भिंतीवर आजी-माजी पदाधिकाऱ्यांच्या तसबिरी आल्या, कोपऱ्यात लग्नाच्या खुर्च्यांची चवड लागली आणि पडद्यामागे आचाऱ्याची पातेली जाऊन बसली. दालनाची किल्ली स्टोअरच्या कारकुनाकडे. कारकून रजेवर गेला की किल्ली कपाटात, आणि कपाटाची किल्ली कारकुनाच्या खिशात! बाजाराच्या दिवशी कोणी हौसेने जिना चढून वर गेलाच, तर कुलूप पाहून खाली यायचा. दोनदा असे झाल्यावर तिसऱ्यांदा कोण कशाला चढेल?

यात आमचाही दोष आहे. दालनाच्या उद्घाटनाला याच वार्तापत्राने दोन पाने दिली होती. फीत कोणी कापली, हार कोणी घातले, आभार कोणी मानले, सगळे नावानिशी छापले. चित्रे काढणाऱ्यांपैकी एकाचेही नाव नव्हते. परवा जुना अंक चाळताना हे ध्यानात आले आणि आमचे आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले.

मग असे दालन राखायचे तरी कशासाठी? याचे उत्तर आम्हांला गेल्या गळीत हंगामात मिळाले.

जानेवारीत आपल्या हायस्कूलच्या चित्रकला शिक्षकांनी कारखान्याकडे एक साधा अर्ज केला. नऊ दिवस दालन द्या, पैसे नकोत, फक्त खुर्च्या हलवा आणि किल्ली माझ्याकडे द्या, एवढीच त्यांची मागणी. पदाधिकारी हंगामाच्या गडबडीत होते, त्यामुळे उद्घाटन करायला कोणाला सवड नव्हती. ही एक इष्टापत्तीच म्हणायची. एका शनिवारी सकाळी गुरुजींनी कुलूप काढले, केरसुणी मारली आणि प्रदर्शन सुरू झाले.

भिंतीवर काय होते? एका बाजूला पोरांची चित्रे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांना आपल्या शाळेची मुले दरवर्षी बसतात. त्यांची कागदावरची कामे एरवी गुरुजींच्या ट्रंकेत पडून राहतात. दुसऱ्या बाजूला बायांच्या गोधड्या टांगल्या होत्या. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून घातलेली वाकळ आपण रात्री अंगावर घेतो, पण उजेडात उभी टांगलेली ती कधी पाहिलेली नसते. तिच्यातला रंगांचा मेळ पाहून भलेभले थबकले. एका टेबलावर बेंदराचे मातीचे बैल होते, ते कुंभारवाड्यातून आलेले. आणि शेवटच्या भिंतीवर आठ-दहा जलरंगातली चित्रे, आपल्याच एका पेंटरमामांची.

या पेंटरमामांविषयी थोडे सांगणे भाग आहे. तालुक्यातल्या दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीच्या मागची कमळे, तालमीच्या भिंतीवरचा मारुती, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, हे सारे एके काळी त्यांच्या हातचे असे. मग फ्लेक्सचे बोर्ड आले. रातोरात छापून मिळतात, स्वस्तही पडतात. पाहता पाहता तालुक्या-तालुक्यातले पेंटर बेकार झाले. कोणी रंगकामाची मजुरी धरली, कोणी टपरी टाकली. आपले मामा दुसऱ्याच्या शेतावर पाणी पाजायला जातात, आणि रात्री कागद घेऊन बसतात. हे त्यांच्या गल्लीतल्या लोकांनाही ठाऊक नव्हते. प्रदर्शन झाले नसते तर आम्हांला तरी कुठून कळणार?

त्यांचे एक चित्र ऊसतोडीचे होते. ट्रकला लावलेली फळी, आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळी चढणारी बाई. गुरुवार हा आपला बाजाराचा दिवस. बीडकडच्या टोळीतल्या दोन-तीन बाया बाजार करून पोरांसह वर आल्या. त्यांतली एक त्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. मग गुरुजींकडे वळून म्हणाली, “गुरुजी, हिच्या डोईवर चुंबळ कुठंय? चुंबळीबिगर मोळी घेतली तर मान ऱ्हाईल का जाग्यावर?” आणि थोड्या वेळाने, “फळीवर पाय असा सरळ टाकत न्हाईत. आडवा टाकावा लागतोय, न्हाई तर घसरतंय.”

मामा तिथेच कोपऱ्यात बसले होते. ते उठले आणि त्यांनी विचारले, “ताई, पाय कसा ते दावता का?” बाईने पदर खोचला, भिंतीशी ठेवलेल्या बाकड्याचे एक टोक उचलून उतार केला आणि पाय टाकून दाखवला. पोरे हसली, पण मामा हसले नाहीत. रात्री त्यांनी ते चित्र नव्याने काढले. चुंबळ आली, पाय आडवा झाला, आणि खरे सांगायचे तर त्या दोन गोष्टींनी साऱ्या चित्रालाच वजन आले. रविवारी ती बाई पुन्हा आली ती निम्मी टोळी घेऊन. “हे मी सांगितलंय,” असे ती प्रत्येकाला सांगत होती.

सभासद बंधूंनो, आम्ही या कारखान्याच्या आवारात अनेक समारंभ पाहिले. पण तोडणीला आलेली बाई या इमारतीत स्वतःच्या पायांनी आली, तिने मत दिले आणि तिचे मत ऐकले गेले, असे आम्ही पहिल्यांदाच पाहिले. आपला ऊस तिच्या डोक्यावरून गव्हाणीत जातो. तिच्या कोपीकडे आपण हंगामात रोज पाहतो. पण ती मोळी कशी उचलते हे आपल्यातल्या किती जणांनी नीट पाहिले आहे? आम्ही तरी पाहिले नव्हते. चित्राने आणि त्या बाईने मिळून ते दाखवले.

आता कोणी म्हणेल, ही तुमची हौस झाली, याला काही आधार आहे का? आधार शोधायला फार लांब जायला नको. सातारा जिल्ह्यातल्या औंधला आपल्यातले कितीतरी जण यमाईच्या दर्शनाला जातात. मूळपीठाच्या डोंगरावर, देवीच्या वाटेवर, श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली ते बांधले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारा राजा म्हणून ते आपल्याला ठाऊक असतात, पण चित्रांवरचे त्यांचे प्रेम तितकेच मोठे होते. त्या संग्रहालयात राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, आपले कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आहेत, आणि ज्यांचे काम पाहायला लोक परदेशातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत जातात त्या हेन्री मूर यांचे आई आणि मुलाचे शिल्पही आहे.

असा संग्रह करणारा माणूस तो मुंबई-पुण्यात मांडू शकला असता. त्यांनी तो खटाव तालुक्यातल्या लहानशा गावी ठेवला, आणि तोही देवीच्या वाटेवर. नारळ फोडायला आलेला शेतकरी जाता-येता चित्रे पाहील, हा त्यातला लाभ. चित्रांसाठी म्हणून वेगळी वाट वाकडी करायला नको. आणखी एक योगायोग पाहा. इमारत उभी राहिली १९३८ साली, आणि दुसऱ्याच वर्षी, १९३९ साली, याच राजाने आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. तिची उभारणी ग्रामपंचायतींवर होती आणि तिला महात्मा गांधींचा सल्ला लाभला होता. गावकऱ्याला कारभार कळतो आणि चित्रही कळते, या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच सुमारास मानल्या. आम्हांला त्यात विसंगती दिसत नाही. सहकाराचा पाया तरी दुसरा कोणता आहे?

आपल्या दालनाला औंधची सर यावी असे आमचे म्हणणे नाही. राजाची तिजोरी आपल्याकडे नाही. पण जिथे लोक येतातच तिथे चित्रे ठेवावीत, एवढा औंधचा धडा आपण सहज गिरवू शकतो. आपल्याकडे लोक गुरुवारच्या बाजाराला येतात, उसाच्या नोंदीला येतात, सोसायटीत आणि बँकेत येतात. त्या वेळी दालन उघडे पाहिजे.

पैसा नसेल तर काय करायचे याचा धडा सिंधुदुर्गात आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी राहतात. कागदावर काढलेली रामायण-महाभारतातली चित्रे एकेक दाखवीत कथा सांगायची, ही त्यांची पिढीजात कला. काळाच्या ओघात ती मावळत चालली. तेव्हा तिथल्या परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या घरच्या गोठ्यातच या चित्रांचे आणि कळसूत्री बाहुल्यांचे संग्रहालय उभे केले. संगमरवरी पाटी नाही, भवन नाही, गुरांचा गोठा! आज लांबलांबून लोक ते पाहायला येतात. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडे गोठा होता आणि किल्ली स्वतःच्या हातात होती. आमच्याकडे पक्की इमारत आहे आणि किल्ली कपाटात आहे. फरक एवढाच.

आता विरोधी बाजूकडे वळू. तिची उपेक्षा करणे बरे नव्हे, कारण तिच्यात तथ्य आहे.

पहिला आक्षेप लग्नाच्या खोल्यांचा. भवनात सभासदांच्या मुला-मुलींची लग्ने होतात. बायकांना साडी बदलायला धड जागा नाही, नवरीला बसायला खोली नाही. ही अडचण खरी आहे, आणि ज्या सभासदाने हा विषय सुचविला त्याचा हेतू चांगलाच आहे. पण त्यासाठी वरचाच मजला कशाला? म्हाताऱ्या माणसांना जिना चढवायचा का? रंगमंचाच्या मागे दोन खोल्या आहेत, त्यांत मोडके सामान भरले आहे. आवारातले अतिथिगृह आहे, ते बडे पाहुणे आले तर उघडते, एरवी वर्षभर बंद. त्यातल्या दोन खोल्या लग्नतिथींना सभासदांच्या लेकीबाळींसाठी उघडल्या तर काय बिघडेल? हे लिहिल्याबद्दल कोणाला राग आला तरी आमची हरकत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. “आधी उसाचे बिल द्या, मग चित्रे लावा,” असे एका सभासदाने आम्हांला तोंडावर सुनावले. त्याचे बरोबर आहे. एफआरपीचे पैसे ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत मिळाले पाहिजेत, असा कायदा आहे. ते हक्काचे पैसे आहेत आणि त्यांच्या आड काहीही येता कामा नये. म्हणून आमची पहिलीच अट अशी की, दालनासाठी उसाच्या बिलातून एक पैसाही कापू नये. अशी कपात किती निघते याचा हिशेब मांडणे सोपे आहे. समजा पाच लाख टन गाळप झाले आणि टनामागे फक्त दहा पैसे घेतले, तर पन्नास हजार रुपये होतात. रक्कम फार नाही, पण ‘न विचारता कापले’ ही भावना वाईट. त्यापेक्षा भवनाच्या लग्नभाड्यातला ठराविक वाटा दालनाला द्यावा. एका इमारतीचे उत्पन्न त्याच इमारतीत खर्च होईल, आणि हिशेब दरवर्षी याच वार्तापत्रात छापला जाईल.

तिसरा आक्षेप आजकाल फार ऐकू येतो. “मोबाइलवर जगातली चित्रे दिसतात, जिना कशाला चढायचा?” दिसतात खरी. पण बोटाने सरकवलेले चित्र दोन क्षणांत जाते, आणि ते सगळी एकाच आकाराची दिसतात. वीतभर चित्र आणि भिंतभर चित्र यांतला फरक तिथे कळत नाही. शिवाय मोबाइलवरच्या चित्रकाराला ‘चुंबळ कुठंय’ असे विचारता येत नाही. विचारले तरी तो बाकड्यापाशी येऊन उभा राहणार नाही.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण मनात असतो. शेतकऱ्याला चित्रातले काय कळते? हा आक्षेप आम्हांला सर्वांत घातक वाटतो, कारण तो आपणच आपल्यावर घेतो. ज्याला दुरून कांड्याचा रंग पाहून उसाची जात ओळखता येते, बैलाच्या चालीवरून त्याचे दुखणे कळते, बेंदराला शिंगाला हिंगूळ किती द्यायचा आणि झुलीवर कोणता रंग खुलेल याची ज्याला जाण आहे, त्याला चित्र कळत नाही असे कसे म्हणावे? बाबूराव पेंटरांचेच पाहा. कोल्हापूरच्या कारागीर मेस्त्री घराण्यातला हा माणूस. नाटकाचे पडदे रंगवले, मूर्ती घडवल्या, पुढे सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकाराच्या कर्जात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा, आणि शेतकऱ्याचे काम केले होते व्ही. शांताराम यांनी. आपल्या बापजाद्यांचे दुःख पडद्यावर मांडले ते एका चित्रकाराच्या नजरेने. सहकारी चळवळ ज्या सावकारीविरुद्ध उभी राहिली, तिचे चित्र कलावंताने आधीच काढून ठेवले होते.

उलट बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. त्याच कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे केवढे मोठे निसर्गचित्रकार! १९३१ साली ते वारले. त्यांची कितीतरी चित्रे आज हाती लागत नाहीत. सांभाळायला जागा आणि माणसे नसली की थोरामोठ्यांचे काम असे वाऱ्यावर जाते. मग आपल्या पेंटरमामांच्या कागदांना वाळवी लागायला किती वेळ लागेल?

साखर कारखान्याचा आणि कलेचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी वारणानगरकडे पाहावे. तात्यासाहेब कोरे यांनी उसाच्या माळावर बालवाद्यवृंद उभा केला. शेतकऱ्यांच्या पोरांच्या हाती वाद्ये दिली, आणि त्या पोरांनी मोठमोठी व्यासपीठे गाजवली. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप झाले, त्यानंतर त्या परिसरात शाळा, महाविद्यालये, दवाखाना उभा राहिला. केवळ साखर काढायला आपल्या वडीलधाऱ्यांनी भागभांडवल गोळा केले नव्हते.

तेव्हा दालन ठेवायचे तर कसे ठेवायचे, याविषयी आमच्या सूचना अशा:

एक. किल्ली. चित्रकला शिक्षक, एक महिला सभासद आणि एक तरुण सभासद अशा तिघांकडे किल्ली असावी. दर गुरुवारी आणि रविवारी दालन ठरल्या वेळी उघडलेच पाहिजे. उघडले नाही तर कोणाची पाळी होती ते फळ्यावर लिहावे.

दोन. वर्षातून चार प्रदर्शने, जास्त नकोत. बेंदराला मातीचे बैल आणि कुंभारकाम. दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या मुलांची चित्रे. हंगामात ऊस आणि ऊसतोड, त्यात टोळीतल्या मुलांनाही कागद-रंग देऊन बसवावे. उन्हाळ्यात गोधड्या, वाकळा आणि जुने फोटो. पाचवे करायचेच तर बाहेरच्या एखाद्या चांगल्या चित्रकाराला बोलवावे. आपले आपणच पाहत बसलो तर नजर वाढत नाही, हेही खरे आहे.

तीन. प्रत्येक चित्राखाली मराठीत मोठ्या अक्षरांत चित्रकाराचे नाव, गाव, कशावर काढले, विकायचे असल्यास किंमत. किंमत लिहायला लाजू नये. उसाला दर असतो तसा चित्रालाही असतो. जानेवारीत मामांची तीन चित्रे विकली गेली. एक आपल्या शेतकी खात्यातल्या माणसाने घेतले, तेही हप्त्याने!

चार. पदाधिकाऱ्यांच्या तसबिरी सन्मानाने सभागृहात हलवाव्यात. त्यांचा मान आहेच, पण त्या दालनात असल्या की बाकी कोणाला भिंत उरत नाही.

पाच. निगा. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी थेट ऊन येते, त्याने जलरंग विटतात. तिथे जाड पडदा हवा. हंगामात चिमणीची राख उडून आत येते, म्हणून कागदावरच्या चित्रांना काच हवीच. उत्तरेच्या भिंतीला ओल आहे, ती बुजवल्याशिवाय त्यावर काही टांगू नये. ही कामे आपल्या सिव्हिल खात्याच्या आवाक्यातली आहेत.

सहा. उद्घाटन समारंभ बंद. पहिल्या दिवशी जो पहिला येईल त्याने दार ढकलावे, तेच उद्घाटन. आणि वार्तापत्रात यापुढे चित्रकारांची नावे छापली जातील, हे आश्वासन आमच्याकडून.

हे सर्व करूनही दोन वर्षांत दालनाकडे कोणी फिरकले नाही, तर खुशाल खोल्या बांधा. आम्ही स्वतः या पानावर तसे लिहू. मात्र ज्या दालनाला कधी नीट उघडलेच नाही, ते चालत नाही म्हणून मोडणे हा न्याय नव्हे. पाणी न देता ऊस वाळला म्हणून जमिनीला दोष देणारा शेतकरी आपल्यात कोणी नाही.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी गुरुजींनी मामांना विचारले, त्या बाईचे चित्र विकायचे का? गिऱ्हाईक होते. मामा म्हणाले, “न्हाई गुरुजी. पुढल्या हंगामाला ती येईल, तवा भिंतीवर दिसाय पायजे.” ते चित्र आज गुरुजींच्या ट्रंकेत आहे. नवीन हंगाम दोन महिन्यांवर आला आहे. टोळ्या येतील, कोप्या पडतील, गुरुवारी बाजार भरेल. ती बाई जिना चढून वर आली तर तिला भिंतीवर चित्र दिसावे की खोल्यांचे बांधकाम, हे सभेत तुम्ही ठरवायचे आहे.

म्हणून विनंती एवढीच की, त्या विषयाची पाळी येईपर्यंत मंडपातून उठू नका. बाजूने असा वा विरोधात, पण हात वर करून बोला. जेवण कुठे पळून जात नाही.

सभासदांनी आपली मते कारखान्याच्या कार्यालयातील वार्तापत्राच्या पेटीत टाकावीत. आमच्या मताविरुद्ध आलेली पत्रेही आम्ही छापू.